गोवरच्या सुईपर्यंत बाळं का पोहोचत नाहीत? कार्यशाळेनंतरचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या दिघा ते तुर्भे या पट्ट्यातल्या वस्त्यांत बालआरोग्यावर काम करणारी एक छोटी संस्था. दीड महिन्याच्या डोसाला बाळं येतात, पण नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलापर्यंत बरीच गळतात. निधी देणाऱ्या कंपनीने ‘ह्यूमन सेंटर्ड डिझाइन वापरा’ असं सुचवलं, दोन दिवसांची कार्यशाळा झाली, भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरली. हाताशी चार कार्यकर्त्या, तीन महिने आणि बेताचे पैसे. आता पुढे काय?

आधी त्या भिंतीचा फोटो काढून ठेवा आणि चिठ्ठ्या उतरवा. त्यांवर बहुधा ‘जनजागृती’, ‘गैरसमज’, ‘पथनाट्य’, ‘व्हॉट्सॲप ग्रुप’ असं लिहिलेलं असेल. हे सगळे खोलीत बसलेल्यांचे अंदाज आहेत. ज्या आईचं बाळ गळलं, तिच्या तोंडचा एकही शब्द त्यात नसतो. आणि अंदाजातून जे उपाय निघतात, ते नेहमी आईला काहीतरी शिकवायला निघतात. मानवकेंद्री रचनेची, म्हणजे ह्यूमन सेंटर्ड डिझाइनची, दिशा याच्या उलट आहे. आईला शिकवण्याआधी लसीकरणाच्या सत्राची मांडणी तपासायची. ती सेवा घेणाऱ्या आईच्या आणि सेवा देणाऱ्या सिस्टरच्या रोजच्या दिवसात बसते का हे बघायचं, आणि बसत नसेल तर सेवा बदलायची. एवढंच तिचं सार, बाकी सगळी हत्यारं.

नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्याकडे जुनं आहे. १९६८ साली जयपूरला जो पाय तयार झाला, तो याच विचारातून. त्याआधीचे कृत्रिम पाय बुटात घालायचे असत. ते लावून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात उतरता येत नव्हतं. माणूस दिवसभर काय काय करतो ते पाहून पाय बदलला. पाय वापरायला माणसाला शिकवत बसले असते तर तो पाय घराच्या कोपऱ्यात पडून राहिला असता.

गळती आधी नावानिशी मोजा

पहिले दोन आठवडे कोणाचीही मुलाखत नको. नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि रजिस्टर उघडा. पहिला पेंटाव्हॅलंट (दीड महिन्याला देतात ती पाच रोगांवरची एकत्र लस) घेतलेल्या बाळांमधून गोवर-रुबेलाचा पहिला डोस घेतलेली बाळं वजा करायची आणि येणाऱ्या संख्येला पहिल्या संख्येने भागायचं. समजा १२० बाळांनी पेंटाचा पहिला डोस घेतला आणि त्यांतल्या ८४ जणांनी गोवरचा घेतला, तर गळलेली ३६, म्हणजे ३० टक्के. १० टक्क्यांच्या वर गळती असेल तर सेवेच्या वापरात अडचण आहे असं धरायची पद्धत आहे.

इथे एक चूक हमखास होते. ज्या बाळाचे नऊ महिने अजून पूर्णच झाले नाहीत, त्यालाही गळलेलं धरतात. मार्चमध्ये दीड महिन्याचा डोस घेतलेलं बाळ ऑक्टोबरपर्यंत नऊ महिन्यांचं होत नाही. म्हणून एकाच काळात जन्मलेल्या बाळांची यादी काढा आणि तीच शेवटपर्यंत न्या.

मग त्या ३६ नावांचे ढीग करा. गाव सोडून गेलेली, वस्तीतच खोली बदललेली, खासगी दवाखान्यात डोस घेतलेली, आजारी म्हणून परत पाठवलेली, डोस न मिळता परतलेली आणि आलीच नाहीत अशी. या वस्त्यांत खोल्या अकरा महिन्यांच्या करारावर असतात. इलठणपाड्यातलं कुटुंब पुढच्या पावसाळ्याआधी चिंचपाड्यात गेलेलं असतं. आशा ताईच्या यादीत पत्ता घरावरचा, आणि माणूस तिथून हललेला. अशी बाळं कागदावर गळलेली दिसतात, पण कदाचित दोन किलोमीटरवर डोस घेऊन मोकळी झालेली असतात. हा ढीग मोठा निघाला तर तुमचं काम नोंदीचं आहे आणि त्याचा आईशी काही संबंध नाही. वीस नावं घरोघर पडताळली की चित्र स्पष्ट होतं. हे करायचा कंटाळा येतो, आणि नेमकं हेच टाळलं जातं.

कोणाशी बोलायचं, आणि काय विचारायचं

पन्नास मुलाखती नकोत. पंधरा आया पुरेत, पण निवड नीट हवी: पाच ज्यांच्या बाळाचे सगळे डोस वेळेवर झाले, सात ज्यांची बाळं मधेच गळली, तीन ज्या जवळपास आल्याच नाहीत. वेळेवर पूर्ण करणाऱ्या आयांना लोक वगळतात, ते चूक आहे. त्याच वस्तीत, तेवढ्याच पैशात, त्याच पाण्याच्या रांगेतून वाट काढून तिने हे जमवलं कसं, यात उपायाचं बी असतं. शिवाय दोन आज्या, दोन वडील, दोन आशा, एक अंगणवाडी सेविका, सत्र घेणाऱ्या दोन सिस्टर, आणि वस्तीतला ज्याच्याकडे सगळे तापाला जातात तो डॉक्टर.

वेळ आईची. पाणी यायच्या वेळेला कोणाच्या दारात उभं राहू नका. पाणी कधी येतं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. एमआयडीसीत जाणारी बाई सकाळच्या पाळीची असेल तर चारनंतर, घरकामाला जाणारी असेल तर दुपारी दोनच्या सुमारास. मजुरीसाठी नाक्यावर उभी राहणारी असेल तर ज्या दिवशी काम मिळालं नाही त्या दिवशी नऊ-साडेनऊनंतर.

दोघींनी जावं, एकीने बोलावं, एकीने लिहावं. आशा ताईने ओळख करून द्यावी आणि निघून जावं. ती समोर असली की आई तिचं मन राखून उत्तर देते. सासूबाई शेजारी बसल्या की सून गप्प होते. अशा वेळी लिहिणारीने वही बंद करून सासूबाईंना त्यांच्या काळातल्या बाळंतपणाबद्दल विचारावं, बोलणारीने सुनेशी चालू ठेवावं.

प्रश्न कसे विचारता यावर सगळं अवलंबून आहे. ‘लस महत्त्वाची वाटते का?’ याला कोणीही ‘हो’ म्हणेल. मत विचारलं की शिष्टाचाराचं उत्तर मिळतं, म्हणून घडलेलं विचारा. उदाहरणार्थ:

‘मागच्या सुईच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय झालं, ते सांगा ना.’
‘घरातून निघताना बाळाबरोबर काय काय घेतलं?’
‘घरी परत आल्यावर रात्र कशी गेली?’
‘त्या दिवशी खाडा पडला का? किती गेले?’
‘कार्ड कुठे ठेवलंय? बघू?’

शेवटचा प्रश्न सोडू नका. कार्ड डब्यात आहे, पत्र्याच्या पेटीत आहे, ओलं झालंय, की जालन्याला माहेरी राहिलंय, हे डोळ्यांनी बघायचं असतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, त्यामुळे जन्माचे डोस एका जिल्ह्यात आणि दीड महिन्याचा इथे असं सर्रास होतं. कार्ड माहेरच्या कपाटात राहिलं की इथल्या रांगेत ‘कार्ड कुठंय?’ एवढ्या एका वाक्याने ती आई पुढच्या वेळी येत नाही.

तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. वस्तीत कोणी ‘लसीकरण’ म्हणत नाही. ‘सुई’, ‘डोस’, ‘अडीच महिन्याचं’ असं म्हणतात. उत्तर प्रदेशाकडच्या घरात गोवराला ‘माता निकली’ म्हणतात. ते मराठीत आणून ‘गैरसमज’ असं लिहून टाकलंत तर मुद्दा हरवतो. पुढे जो कागद किंवा फोनवरचा निरोप तयार कराल, तो याच शब्दांत करायचा आहे.

संमती तोंडी असली तरी स्पष्ट घ्या. नाव कोणाला कळणार नाही, मधेच उठता येईल, आणि ‘नाही’ म्हटलं तरी डोस बंद होणार नाही. हे शेवटचं वाक्य विसरू नका, भीती तिथेच असते. बाळाचे फोटो नकोत. वैयक्तिक डिजिटल माहितीबद्दलचा २०२३ चा कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. कार्यकर्तीच्या खासगी फोनमध्ये नावांच्या याद्या फिरत राहणं तसंही बरं नाही. आणि दोन तास घेणार असाल तर त्या वेळेचा मोबदला द्या. रोजावर जगणाऱ्या बाईचा वेळ फुकट समजायचा आणि कामाला मानवकेंद्री म्हणायचं, हे जुळत नाही.

एक पूर्ण सत्र, घड्याळ घेऊन

मुलाखतीत जे सापडत नाही ते सत्राच्या दिवशी दिसतं. अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात सत्र असेल तिथे स्टूल घेऊन बसा, सामान उतरल्यापासून बांधाबांध होईपर्यंत. कागदावर पाच रकाने: आई किती वाजता आली, नाव लिहिलं किती वाजता, सुई कधी, निघाली कधी, आणि न घेता परतली असेल तर कारण. कोणीतरी म्हणेलच, ‘ताई, जरा रजिस्टर भरता का?’ सत्र संपल्यावर नक्की मदत करा, त्याआधी नको. रजिस्टर हातात घेतलं की निरीक्षण संपलं.

सुई दिल्यावर सिस्टरने चार गोष्टी सांगायच्या असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यास काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. शिवाय अर्धा तास थांबायला सांगायचं. चाळीस बाळांच्या रांगेत यातलं काय गळतं ते मोजा. बहुधा त्रासाबद्दलचं वाक्य आधी जातं, मग पुढची तारीख फक्त कार्डावर लिहिली जाते, तोंडाने सांगितली जात नाही.

आता या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा धागा, जो कार्यशाळेच्या भिंतीवर कधीच येत नाही. तो कुपीचा. पेंटाव्हॅलंट द्रवरूप असतं; उघडलेली कुपी नियम पाळून २८ दिवसांपर्यंत पुन्हा वापरता येते. गोवर-रुबेलाची लस कोरडी असते, ती द्रावकात मिसळावी लागते, आणि मिसळल्यावर ४ तासांत किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल तोवरच वापरता येते. उरलेले डोस फेकायचे. एका कुपीत अनेक डोस असतात. एका बाळासाठीही कुपी उघडायला हरकत नसते, पण वाया गेलेल्या डोसांचा हिशेब सिस्टरला द्यावा लागतो आणि तिच्या मनात तो असतो. मग साडेअकराला एकच नऊ महिन्यांचं बाळ आलं की ती म्हणते, ‘पुढच्या वेळी या, अजून दोन-तीन बाळं जमू देत.’ त्या आईचा खाडा पडलेला, ठाणे-बेलापूर रस्त्याकडच्या कामावरून ती उन्हात बाळ घेऊन आलेली. ती पुढच्या वेळी येत नाही. रजिस्टरमध्ये ती ‘आली नाही’ अशी लिहिली जाते.

इथे दोष आईचा नाही आणि सिस्टरचाही नाही. दोघी आपापल्या जागी समजूतदारपणेच वागताहेत, आणि तरीही बाळ सुटतंय. रचनेचं काम नेमकं अशा जागी लागतं.

भिंतीवर आता दिवस लावा

कागदाच्या लांब पट्ट्या घ्या, प्रत्येक आईची एक. डावीकडे सकाळचे सहा, उजवीकडे रात्रीचे दहा. तिने सांगितलेला सुईचा दिवस त्यावर मांडा: पाणी, डबा, नवऱ्याची पाळी, मोठ्या मुलाची शाळा, रिक्षा, रांग, सुई, ताप. जिथे बेत मोडला तिथे लाल टिकली. पंधरा पट्ट्या एकाखाली एक लागल्या की लाल टिकल्या दोन-तीन जागी गर्दी करताना दिसतात.

मग अडचण एका वाक्यात लिहा: ‘अमुक परिस्थितीतल्या आईला, अमुक वेळी, अमुक करता येत नाही, कारण…’ एकच नियम, ‘कारण’च्या पुढे ‘तिला माहिती नाही’ असं लिहायला बंदी. खरोखरच माहितीचा अभाव असेल तर ‘तिला ते कोणी, कधी सांगायला हवं होतं आणि का सांगितलं गेलं नाही’ असं लिहा. या एका बंदीने चर्चा पथनाट्यावरून सत्राच्या मांडणीवर येते.

उपाय: आधी कागदावर, मग एका सत्रात

लस आणि वेळापत्रक तुमच्या हातात नाही. बोलावणं, मांडणी, निरोप आणि वेळ यांत बदल करता येतो. तोही वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि सिस्टरना सोबत घेऊनच. यातल्या काही शक्यता खोलात मांडतो.

कुपीसाठी: वस्तीतल्या नऊ ते बारा महिन्यांच्या बाळांची ड्यू लिस्ट, म्हणजे डोस द्यायचा बाकी असलेल्यांची यादी, काढून त्यांना महिन्यातल्या एकाच ठरलेल्या सत्राला एकत्र बोलवा. सहा-आठ बाळं एकदम आली की कुपी बिनघोर उघडते. आशा ताईने आदल्या संध्याकाळी दारावरून जावं. पण याच्या जोडीला दुसरी गोष्ट हवीच: मधल्या सत्राला आपणहून आलेलं बाळ परत पाठवायचं नाही, एकटं असलं तरी कुपी उघडायची, असं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लिहून द्यावं. हा कागद नसेल तर ‘गोवरचा दिवस’ हीच परत पाठवायची नवी सबब बनते.

मधल्या लांब खंडासाठी: दीड, अडीच, साडेतीन महिने अशी महिन्या-महिन्याने सवय लागते आणि नंतर साडेपाच महिने काहीच नाही. सवय तिथे तुटते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून द्यायची कल्पना सगळ्यांना सुचते, कारण दूध आणि गॅसची नोंद तिथेच असते. पण जूनमध्ये जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने मार्चमध्ये भरतात. तोवर जुनं कॅलेंडर उतरलेलं असतं. म्हणून मधे एक भेट पेरा. सहाव्या महिन्यात घरोघर उष्टावण होतं, अंगणवाडीतही अन्नप्राशन साजरं होतं. त्या दिवशी ‘आता तीन महिन्यांनी गोवरची सुई’ एवढं सांगायचं आणि नव्या कॅलेंडरवर खूण करायची. यासाठी वेगळा कार्यक्रम, वेगळा मांडव नको. घरात आधीच असलेल्या क्षणाला आपलं वाक्य जोडायचं.

नऊ महिन्यांच्या भेटीला गोवर-रुबेला, न्यूमोकोकलचा (न्यूमोनियावरच्या लसीचा) बूस्टर आणि पोलिओची सुई अशा तीन सुया असतात. हे आईला आधी माहीत नसेल तर ती दुसऱ्या सुईनंतर उठते. आधी सांगा.

कार्डासाठी: पहिल्या भेटीतच कार्डाचा फोटो आईच्या स्वतःच्या फोनमध्ये काढून द्या आणि यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद झाली आहे का ते सिस्टरकडून बघून घ्या. नोंद नवऱ्याच्या नंबरवर असते, तो पाळीवर असतो किंवा सिम बदलतो. म्हणून दुसरा नंबर लिहा, शेजारणीचा किंवा माहेरचा. राजस्थानात ‘खुशी बेबी’ने बाळाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात माहिती साठवणारं पदक ओवलं. दृष्ट लागू नये म्हणून दोरा घरात होताच. तुम्हाला पदक करायचं नाही; कार्डाला घरातली कायमची जागा कोणती, हे मात्र असंच शोधायचं आहे.

तापासाठी: पेंटानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येणं, मांडी दुखणं नेहमीचं आहे. न सांगता आला तर ‘सुईने बाळ आजारी पडलं’ अशी आठवण राहते, सांगून आला तर तीच आठवण ‘ताई म्हणाल्या होत्या’ अशी राहते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, ती सिस्टरनेच सांगायची. तुमच्या कार्यकर्तीने फक्त दुसऱ्या सकाळी फोन करून बाळाची चौकशी करायची. सतत ताप, झटका, सुस्ती असं काही असेल तर लगेच केंद्रात.

वेळेसाठी: संध्याकाळचं किंवा रविवारचं सत्र ऐकायला सोपं वाटतं. त्यात सिस्टरची बदली रजा, लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये आणणं-नेणं, शीतपेटी परत घेणारा माणूस, एवढं सगळं बसवावं लागतं. म्हणून आधी दोनच सत्रं मागा. पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या गल्ल्यांत सत्र कुठे भरवायचं, हा वेळेइतकाच मोठा प्रश्न आहे. चढावरच्या बायका खाली उतरत नाहीत.

उदयपूर जिल्ह्यातल्या १३४ खेड्यांत झालेला प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. काहीच बदल न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, ठरल्या दिवशी न चुकता भरणारं शिबिर जिथे होतं तिथे १८ टक्के, आणि त्याच शिबिरात दर भेटीला किलोभर डाळ व शेवटी ताटल्या दिल्या तिथे ३९ टक्के. डाळीची चर्चा सगळे करतात. मला त्यातला १८ चा आकडा तितकाच मोलाचा वाटतो, कारण ‘गेलं की सुई मिळतेच’ एवढ्या खात्रीनेच प्रमाण तिप्पट झालं. आणि डाळ म्हणजे लाच समजू नका, तो बुडालेल्या वेळेचा मान आहे.

चाचणी कशी घ्याल

ठरवलेल्या उपायाचा कच्चा नमुना पहिल्यांदा खुर्च्या मांडून खेळा. एक कार्यकर्ती आई, एक सिस्टर, एक रांगेतलं रडणारं बाळ. अर्ध्या तासात कळतं की टोकन देणारीला उठून वजनकाट्याकडे जावं लागतंय. मग तोच नमुना हाताने लिहिलेल्या कागदावर चार-पाच आयांना दाखवा, समजावून न सांगता. ‘यावरून तुम्ही काय कराल?’ एवढंच विचारा. तिने कागद उलटा धरला, तारखेऐवजी चित्राकडे पाहिलं, तर ती चूक कागदाची. छापखान्यात जायची घाई करू नका. हजार कार्डं छापली की ती वाटायचाच मोह होतो, चुकली असली तरी.

त्यानंतर दोन वस्त्या बदलासाठी निवडा आणि एक वस्ती आहे तशी ठेवा, चार सत्रं. तीन महिन्यांत दीड महिन्यापासून नऊ महिन्यांपर्यंतचा प्रवास बघता येत नाही, म्हणून जी बाळं या काळातच नऊ महिन्यांची होणार आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येक नाव शेवटपर्यंत न्या. पंचवीस नावं असतील तर टक्के लिहू नका, ‘२५ पैकी १९’ असं लिहा. बारा महिने उलटलेली बाळंही सोडू नका. चुकलेला गोवर-रुबेलाचा डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो, हे बऱ्याच आयांना कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रत्येक सत्राला तीनच मोजमापं पुरेत. न घेता परतलेली बाळं किती. आल्यापासून सुईपर्यंत मिनिटं किती. आणि दाराबाहेर दहा आयांना एक प्रश्न: ‘पुढची सुई कधी आहे?’ कार्ड न बघता आठ जणींनी सांगितलं तर निरोप पोहोचतोय. चारच सांगत असतील तर रांगेत काहीतरी घाई होतेय, पुन्हा स्टूल घेऊन बसा.

सिस्टर आणि आशा ताई

सामाजिक कामातली मानवकेंद्री रचना बहुधा इथे अडते. ‘लाभार्थी’ हा एकच माणूस मानला जातो आणि सेवा देणारी बाई यंत्रासारखी धरली जाते. प्रत्येक नव्या कल्पनेबरोबर आशा ताईच्या पिशवीत आणखी एक रजिस्टर येतं. बाळाचं पहिल्या वर्षातलं लसीकरण पूर्ण झालं की तिला १०० रुपये मिळतात. त्यासाठी वर्षभरात किती फेऱ्या झाल्या हे कोणी मोजत नाही. तुमच्या बदलात तिचं एक काम वाढत असेल तर एक काम कमी व्हायला हवं. आदल्या संध्याकाळची फेरी तिने मारायची असेल तर ड्यू लिस्ट तुमच्या कार्यकर्तीने गल्लीप्रमाणे लावून द्यावी, म्हणजे तिची चढ-उतर अर्धी होते. सिस्टरना पहिल्या दिवशीच विचारा की सत्रातली कुठली गोष्ट तुम्हाला सगळ्यात नकोशी वाटते. त्या उत्तरावर आधी काम केलंत तर पुढचे सगळे दरवाजे उघडतात.

आणि एक मर्यादा मोकळेपणाने मान्य करा. लसच आली नसेल, पद रिकामं असेल, सत्रच रद्द होत असेल, तर तो रचनेचा प्रश्न नाही. तिथे महापालिकेकडे तारखा-आकड्यांसह लेखी मागणी करावी लागते, आणि तुमचं घड्याळ-रकान्यांचं निरीक्षण त्यासाठी पुरावा म्हणून उत्तम. रिकामं पद रंगीत कार्डाने भरून काढायचा प्रयत्न करू नका.

कंपनीला काय सांगायचं, आणि वेळेची वाटणी

प्रस्तावात उपाय आधीच लिहून दिलात तर शोध घ्यायला जागा उरत नाही. ‘१००० कार्डं, १० पथनाट्यं’ याऐवजी ‘१५ आयांचे दिवस, ३ सत्रांचं निरीक्षण, ३ नमुने, २ वस्त्यांत चाचणी, यातला किमान एक नमुना फसेल आणि का फसला तेही कळवू’ असं लिहा. सीएसआरवाल्यांना (कंपनीचा सामाजिक निधी बघणाऱ्यांना) आकडे हवे असतात, हे आकडेच आहेत.

बारा आठवडे असे वाटा: रजिस्टर आणि परवानगीला दोन, मुलाखती व निरीक्षणाला तीन, भिंतीवरच्या पट्ट्यांना एक, कागदी नमुन्यांना दोन, प्रत्यक्ष चाचणीला चार. घसरायचं ठिकाण पहिलंच आहे, परवानगी लांबते. ती वाट बघत असताना आशा ताई, अंगणवाडी सेविका आणि पाण्याच्या वेळा यांची माहिती गोळा करून ठेवा. सत्राचे वार सरकारी सुट्ट्यांनी आणि मोहिमांनी हलतात, पोलिओचा रविवार आला की तो आठवडा गेलाच समजा. खर्च मुख्यतः प्रवास, आयांचा मोबदला आणि सत्राच्या दिवशीचा चहा. छपाई शेवटच्या महिन्यात, तीही पन्नास प्रतींच्या वर नको.

चाचणी संपली की ज्या आयांनी वेळ दिला त्यांना परत बोलवा आणि काय बदललं, काय बदलता आलं नाही ते दाखवा. जे टिकवायचं ठरेल ते एका कागदावर लिहा: कोणत्या सत्राला कोणाला बोलवायचं, आदल्या संध्याकाळी कोण फिरणार, एकटं बाळ आलं तर काय, कार्ड नसेल तर काय. त्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या आणि तो कागद अंगणवाडीच्या आतल्या भिंतीवर, शीतपेटी ठेवतात त्या टेबलाच्या वर चिकटवा. नवी सिस्टर बदलून येईल तेव्हा तिची नजर आधी तिथेच जाईल.